एक चाळीसचा डबा

१

विठ्ठलरावांची नवी गाडी सकाळी धारूरच्या घाटाकडे निघाली ती स्वतःच्या इंजिनावर, आणि दुपारी परत आली ती दुसऱ्या गाडीच्या मागे, टोचन लावून. माजलगावच्या ट्रक स्टँडवर अशी गाडी येताना दिसली की लोक हातातला चहा खाली ठेवतात. ऐन हंगाम, घाटावरच्या फडांत ऊस तोडून पडलेला, आणि अशात दहा चाकी गाडी ओढून आणावी लागणं म्हणजे ऐन लग्नात नवरदेवच आजारी पडण्यासारखं.

मुक्ताबाईंनी मात्र चहा खाली ठेवला नाही. त्यांनी तो शांतपणे संपवला, बशी उपडी घातली आणि मगच चष्मा लावून दुकानाबाहेर पाहिलं. स्टँडच्या तोंडाशी त्यांचं ऑइलचं दुकान. तीस वर्षं या काउंटरवर त्या तेल विकत होत्या, आणि तेलाबरोबर सल्लाही फुकट देत होत्या. भांडण कुणाचंही असो, ड्रायव्हरचं की मालकाचं, ते शेवटी ‘अक्कांच्या’ काउंटरवर येऊन थांबायचं. आजचं भांडण तर थेट त्यांच्यावरच आलं.

विठ्ठलराव म्हणजे अकरा गाड्यांचे मालक आणि ट्रक संघटनेचे अध्यक्ष. पांढरी टोपी, पांढरा शर्ट आणि त्या दिवशी लालबुंद चेहरा.

“अक्का, तुमच्या त्या पाण्यावानी तेलानं माझ्या गाडीचं वाटोळं केलं. टर्बो गेला, इंजिन खडखडाया लागलं. दीड महिन्यापास्नं तुमी आन् तो धुळाजी मिस्त्री माझ्या मागं लागला हुता, पन्नास सोडा, पन्नास सोडा. सोडलं! मिळालं फळ!”

भांडणाचं मूळ इथंच होतं. विठ्ठलरावांनी जन्मभर गाड्यांना पन्नास नंबरचं घट्ट तेल घातलं. घट्ट तेल म्हणजे खानदानी तेल, असं त्यांचं ठाम मत. पण नव्या गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलं होतं, पंधरा-चाळीस. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरमीतला. पहिला जितका लहान तितकं तेल सकाळच्या गारठ्यात लवकर धावतं, आणि दुसरा सांगतो की इंजिन तापल्यावर ते किती दम धरेल. हे मुक्ताबाईंनी विठ्ठलरावांना इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. दोनच दिवसांपूर्वी गाडीत पहिल्यांदा ‘चाळीस’ टाकायचं ठरलं. स्टँडवर पुढचा पंधरा म्हणायला कुणाला वेळ नसतो, सगळे नुसतं चाळीसच म्हणतात.

“पातळ तेलानं टर्बो जात न्हाई,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“गेला न्हवं? ते काई न्हाई. पाचला बैठक बोलावलीया. आजपास्नं संघटनेची एक बी गाडी धुळाजीच्या गॅरेजला जानार न्हाई.”

मुक्ताबाईंनी मनात हिशेब केला. संघटनेच्या बेचाळीस गाड्या होत्या आणि धुळाजीचं सगळं पोट त्यांच्यावर. बाप मेंढरं वळायचा. हा पोरगा पाना हातात धरून वीस वर्षांत मिस्त्री झाला, नाव कमावलं. बेचाळीस गाड्या फिरल्या तर त्याला मोटारसायकलींची पंक्चर काढत बसावं लागेल, आणि ‘नवी गाडी मारणारा मिस्त्री’ हे नाव कपाळावर राहील ते वेगळंच.

“पाचपर्यंत तोंड उघडू नका,” त्या म्हणाल्या. “पाचला तुमच्याच बैठकीत मी सांगते कुणी केलं ते. आता मला फक्त इंजिनातलं तेल दाखवा.”

कुणी केलं याचा त्यांना काडीचाही पत्ता नव्हता. पण असं ठणकावून बोलण्याची सवय जुनी होती, आणि त्या सवयीनं त्यांना आजवर कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

विठ्ठलरावांच्या मागे त्यांचा कारभारी सोमेश्वर उभा होता. डिझेल, टायर, तेल सगळं त्याच्या हातात. तो घसा खाकरून म्हणाला, “तेल तर आता बघायला मिळायचं न्हाई अक्का. गाडी आल्या आल्या मी खालचा नट काढून सगळं तेल सोडून दिलं. जळक्या तेलाच्या पिंपात गेलं ते.”

२

मुक्ताबाईंनी सोमेश्वरकडे असं काही पाहिलं की तो टोपी नीट करू लागला.

“कुणी सांगितलं तुला सोडायला?”

“मालक म्हनले इंजिन खोलायचं. म्हनून सोडलं. यात काय चुकलं?”

चुकलं की नाही ते नंतर पाहू, असं म्हणून मुक्ताबाई सरळ गाडीकडे निघाल्या. बरोबर सून स्वप्ना. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालेली. तिच्या वडलांचं अहमदपूरला ट्रॅक्टरचं गॅरेज. सासूनं तिला स्वयंपाकघरात फार अडकवलं नव्हतं, तिसऱ्याच आठवड्यात काउंटरवर उभं केलं होतं.

“नट काढला की पोटातलं तेल जातं,” मुक्ताबाई चालता चालता म्हणाल्या. “पन एका जागी ऱ्हातं. कुठं?”

“फिल्टरमध्ये, आत्या,” स्वप्ना म्हणाली.

“सोमेश्वरला हे ठावं न्हाई. किंवा ठावं असून घाईत इसरला.”

स्वप्नानं चेनपाना लावून फिल्टर फिरवला आणि वाटीवर उलटा धरला. तेल पडायला पाहिजे होतं. ते पडलं नाही, हळूहळू ओघळलं, काकवीसारखं. आणि जो भपकारा आला त्यानं विठ्ठलराव दोन पावलं मागे सरले. कुजक्या अंड्यांचा आणि जळक्या रबराचा वास एकत्र केला तर असा येईल.

मुक्ताबाईंनी दुकानातून स्टीलचं ताट मागवलं. त्यावर एका ओळीत तीन थेंब ठेवले. एक त्यांच्या चाळीसच्या पिंपातला, दुसरा पन्नासच्या, तिसरा फिल्टरमधला. मग ताट तिरकं केलं. चाळीसचा थेंब धावत सुटला. पन्नासचा त्याच्यामागे डुलत गेला. तिसरा थेंब जागच्या जागी बसून राहिला, जावं की न जावं याचा विचार करत.

“बघा विठ्ठलराव. हे का पातळ तेल? तुमच्या पन्नासपेक्षा दुप्पट घट्ट हाय हे.”

“मग हाय तरी काय?” विठ्ठलरावांनी विचारलं.

स्वप्नानं बोटावर घेऊन ते चोळलं, नाक मुरडलं. “एकचाळीस आहे हे, आत्या. गिअरचं. आमच्या पप्पांकडं जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत हेच टाकतात.”

“गिअरचंच,” मुक्ताबाई म्हणाल्या. “त्याची भावकीच येगळी, नंबरबी येगळे. हे इंजिनात गेलं, वर गारठा. टर्बो लाखभर फेऱ्या मारतो मिनिटाला आन् हे तेल त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो कोरडाच फिरला. पातळ तेलानं न्हाई मेला तो. घट्ट तेलानं मेला.”

जमलेल्या ड्रायव्हरांमध्ये कुजबुज सुरू झाली. विठ्ठलरावांनी मात्र पटकन दुसरं टोक पकडलं.

“म्हंजे धुळाजीनं चाळीस म्हनून गिअरचं तेल वतलं! चुकून न्हाई, मुद्दाम! मग तर पाच वाजायची बी वाट बघायची न्हाई.”

३

गाडीचा ड्रायव्हर परमेश्वर टायरवर बसून बिडी ओढत होता. चांगला माणूस, पण नोकरी जाईल या धास्तीनं त्याचा चेहरा उतरला होता. मुक्ताबाई त्याच्यासमोर पालथ्या बादलीवर बसल्या.

“सकाळपास्नं सांग. कायबी गाळू नको.”

“काय सांगायचं अक्का. काल सांजच्याला मिस्त्रीनं जुनं तेल सोडलं, रातभर निथळू दिलं. सकाळी सहाला सोमेश्वरनं डबा आनून दिला. मिस्त्रीनं माझ्यासमोर वतला. मी सेल मारून गाडी चालू केली. थंडी हुती म्हनून दोन-चार येळा रेस केली. मग निघालो. तेलगावला च्या पिलो. घाट चढाया लागलो आन् शिट्टी वाजल्यावानी आवाज आला. मग धूर. मग संपलं.”

“तेलगावला इंजिनाला हात लावलास?”

“न्हाई! मालकाची शपथ.”

“तेलाच्या मीटरचा काटा कुठं हुता?”

परमेश्वरनं बोट वर केलं. “वर. येकदम ताठ, शेवटाला टेकलेला. मला वाटलं, नवं तेल लई ताकदीचं हाय.”

“कवा बघितला? घाटात?”

“न्हाई, हितंच. यार्डातनं निघतानीच.”

मुक्ताबाईंनी मान डोलावली आणि त्याची बिडी त्यांनी स्वतःच पायाखाली विझवली. “तू सुटलास. कामाला लाग.”

विठ्ठलराव मागे उभे राहून ऐकत होते. “आसा कसा सुटला?”

“घट्ट तेलाला पंप रेटतो तवा काटा वर जातो. यार्डातच काटा वर हुता, म्हंजे यार्डात वततानाच तेल घट्ट हुतं. वाटेत कुनी कायबी टाकलं न्हाई. ह्याचा संबंध न्हाई. ऱ्हायले दोन. डबा देनारा आन् डबा वतनारा.”

डबा देणारा सोमेश्वर फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मुक्ताबाई जवळ येताच त्यानं फोन खिशात घातला. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, “...पाचच्या बैठकीनंतर तुजंच हाय सगळं.”

“कुनाचं हाय सगळं?” त्यांनी विचारलं.

सोमेश्वर गडबडला. मग म्हणाला, “मेहुना हाय माजा. त्यानं धारूर रोडला गॅरेज टाकलंय. धुळाजीकडच्या गाड्या कुठंतरी जानारच न्हवं? मग घरच्या मानसाकडं गेल्या तर काय बिघडलं?”

विठ्ठलरावांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी कारभाऱ्याकडे पाहिलं, मग मुक्ताबाईंकडे.

“डबा कुठनं आनलास?” मुक्ताबाई म्हणाल्या.

“आसं काय करता? तुमच्याच दुकानातनं. परवा दुपारी फोन केलता, काल सांजच्याला डबा घेऊन गेलो.”

“रातभर कुठं हुता?”

“माज्या जीपमदी. आन् अक्का, तुमी माज्यावर संशय घेताव ते कळतंय मला. मेहुन्याची लालूच हाय, न्हाई म्हनत न्हाई. पन डब्याला हात लावला न्हाई. तुमचं सील तसंच हुतं. धुळाजीनं सोत्ता फोडलं, ह्या परमेश्वरच्या देखत. परमेश्वर, खोटं हाय का बे?”

परमेश्वरनं लांबूनच मान हलवली. खोटं नव्हतं.

सीलचं ऐकताच विठ्ठलरावांनी मान डोलावली. त्याला कारण होतं. सुटं तेल घेणाऱ्यांच्या डब्यात वाटेत जळकं तेल मिसळलं जायचं, म्हणून पंधरा वर्षांपूर्वी मुक्ताबाईंनी एक रीत पाडली. बुचावर सुतळी बांधायची, गाठीवर लाख ओतायची आणि लाखेवर पितळी शिक्का दाबायचा. शिक्क्यावर एकच अक्षर, ‘मु’. तो शिक्का त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांत असे, झोपतानाही.

“मग सील खरं हुतं तर तेल बदललं ते फोडल्यावर,” विठ्ठलराव सावकाश म्हणाले. “आन् फोडलं धुळाजीनं.”

४

धुळाजी मिस्त्री तीन वाजता स्वतःहून दुकानात आला. उंच, वाकलेला, हातांच्या रेघांत कधीच न निघणारं काळं. काखेत रिकामा डबा. तो त्यानं काउंटरवर ठेवला आणि बाकड्यावर बसला.

“ह्यो डबा. सुतळी, लाख, समदं तसंच ठिवलंय. म्या ह्याच्यातलंच वतलं अक्का. माज्या लेकरांची आन.”

मुक्ताबाईंनी लाखेचा तुकडा उजेडात धरला. ‘मु’चा उकार खाली किंचित तुटलेला. त्यांचाच शिक्का, कुणी नक्कल केलेली नाही. स्वप्ना त्यांच्या खांद्यावरून बघत होती. तिनं तुकडा पाहिला, डबा पाहिला आणि न बोलता आत चहा करायला निघून गेली. चहाची वेळ झालेली नव्हती. मुक्ताबाईंना ते जाणवलं, पण धुळाजी पुढे बोलत होता.

“घट्ट हुतं तेल, खोटं कावून बोलू. पन सकाळचा गारठा. म्हनलं आखडलं असंल. वास घेतला, वास बराबर हुता. मग वतलं.”

मुक्ताबाईंचा हात थांबला.

वास बरोबर होता? ज्या तेलाच्या भपकाऱ्यानं विठ्ठलराव दोन पावलं मागे गेले, त्याचा वास बरोबर? वीस वर्षं मुरलेला मिस्त्री खोटं बोलत होता. आणि इतकं कच्चं खोटं, की ज्याला खरंच तेल बदलायचं होतं तो तरी ते बोलला नसता.

फिल्टरमधल्या तेलाची वाटी काउंटरवर झाकून ठेवलेली होती. त्यांनी झाकण काढून ती सहज धुळाजीच्या कोपराशी सरकवली. समोर उभे असलेले दोघं ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून बाहेर गेले. स्वप्नानं चहा आणून ठेवला. धुळाजी खारी बुडवून खात राहिला. वाटी त्याच्या नाकापासून वीतभर लांब होती.

“च्यात काय घातलंय सुनंनं आज?” मुक्ताबाईंनी विचारलं. “गवती चहा का विलायची?”

धुळाजीनं आणखी एक घोट घेतला. “विलायची. झ्याक झालाय.”

“दोन्ही न्हाई. साधा च्या हाय धुळाजी. आन् तुज्या कोपराशी ती वाटी बघ.”

धुळाजीनं वाटी पाहिली. बाहेर पळालेले ड्रायव्हर पाहिले. त्याच्या हातातली खारी चहात गळून पडली.

“कवापास्नं?” मुक्ताबाईंनी हळू विचारलं.

“कोरोनात ताप आला हुता. वास गेला तो फिरून आलाच न्हाई.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “मिस्त्रीला नाक न्हाई म्हनल्यावर कोन गाडी देईल अक्का? क्लच जळतंय, वायर जळतीया, डिझेल गळतंय, समदं आदी नाकालाच कळतं. म्या हातानं भागवतो, कानानं भागवतो. आजवर येक गाडी बिघडू दिली न्हाई. ही पयली. कुनाला सांगू नका. तेल बदललं म्हनून बदनाम झालो तर कवातरी ते इसरतील. नाक न्हाई हे कुनी इसरायचं न्हाई.”

मुक्ताबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं. या माणसाच्या हातात त्यांनी अर्ध्या स्टँडच्या गाड्या सोपवल्या होत्या, आणि पाच-सहा वर्षं तो हे एकटा वागवत होता. त्याच्या खोट्यामागे पाप नव्हतं, भीती होती. त्यानं डब्यातलं तेल इमानानं ओतलं होतं.

धुळाजी गेला. मुक्ताबाई मोडलेल्या लाखेकडे बघत बसल्या आणि मनातल्या मनात एकेक माणूस बाजूला काढत गेल्या. परमेश्वर सुटला, काट्यामुळे. सोमेश्वर सुटला, सीलमुळे. धुळाजीला वासच येत नाही, म्हणजे त्याला जे मिळालं ते त्यानं ओतलं. गॅरेजात त्याच्याकडे गिअरचं हे एकशेचाळीस नंबरचं तेल नव्हतंच, त्याचं गिअरचं तेल याच दुकानातून जायचं, तेही नव्वद नंबरचं. तेल यार्डात बदललं नाही, जीपमध्ये बदललं नाही, डब्यात बदललं नाही.

मग उरलं काय? लाख लागण्याआधी डब्यात जे होतं, ते.

आणि लाख कुणी लावली?

मुक्ताबाई खाडकन उठल्या आणि मागच्या गोदामाकडे निघाल्या.

५

गोदामात चार पिंपं ओळीनं उभी होती. पन्नास, चाळीस, नव्वद आणि कोपऱ्यात गिअरचं एकशेचाळीस. प्रत्येक पिंपात मोजायची एक काठी. दर सोमवारी मुक्ताबाई काठीवर खडूनं खूण करत. त्या चाळीसच्या पिंपाशी गेल्या, काठी घातली, काढली. तेल सोमवारच्या खुणेला टेकलेलं. बोटभरही कमी नाही.

मग त्या कोपऱ्यात गेल्या. या खेपेला काठी सावकाश घातली. एकशेचाळीसची काठी बाहेर आली. खुणेपासून चार बोटं खाली. या आठवड्यात गिअरचं गिऱ्हाईक एकही आलं नव्हतं. चार बोटं म्हणजे बरोबर एक डबा.

“आत्या.”

स्वप्ना दारात उभी होती. डोळे लाल.

“मी भरलाय तो डबा. कुणासाठी आहे ते मला माहीत नव्हतं. आज लाख पाहिली तेव्हा कळलं. तेव्हापासून सांगायचा प्रयत्न करतेय, पण तोंडच उघडेना.”

“परवा दुपारी मी तुला काय सांगितलं? माझे शब्द सांग. जसेच्या तसे.”

“फोन ठेवला आणि तुम्ही काउंटरवरून ओरडलात, ‘स्वप्ना, एक चाळीस भर गं.’ मी एकचाळीस भरलं. पप्पांच्या गॅरेजात गिअरच्या एकशेचाळीस तेलाला एकचाळीसच म्हणतात. एकशे कुणी म्हणत नाही.”

मुक्ताबाई पिंपाला टेकल्या.

एक चाळीस. या काउंटरची तीस वर्षांची बोली होती ती. आधी डबे किती, मग नंबर. दोन नव्वद, तीन पन्नास, एक पन्नास. एक पन्नास हजार वेळा म्हटलं असेल, कधी काही बिघडलं नाही, कारण दीडशे नंबरचं तेलच नसतं. चाळीस घेणारे आजवर कंपनीच्या बंद बादल्या न्यायचे, सुटं चाळीस कुणी मागत नव्हतं, त्याचं पिंपही नुकतंच आणलेलं. परवा पहिल्यांदा विठ्ठलरावांनी त्यांच्याच हट्टापायी चाळीस मागवलं, एकच डबा मागवला, आणि तो भरायला उभी होती ती ट्रॅक्टरच्या गावची पोरगी. तिनं भरून बूच लावलं. मुक्ताबाईंनी न बघता, न हुंगता सुतळी बांधली आणि वर दिमाखात शिक्का मारला.

“मी बैठकीत येते,” स्वप्ना म्हणाली. “माझी चूक आहे, मी सांगते.”

“तू कानानं ऐकलं ते भरलंस.”

“पण इंजिनाला की गिअरला, एवढं तरी मी विचारायला पाहिजे होतं.”

“तुला नंबर कुनी दिला? मी. मग तू कशाला इचारशील?”

बाहेर संघटनेचा भोंगा वाजला. पाच वाजले होते. एक मार्ग अगदी सोपा होता, हे मुक्ताबाईंना दिसत होतं. नवी सून, कच्ची आहे, चुकली, असं म्हटलं की सगळे हसून सोडून देतील. धुळाजीही सुटेल, दुकानाचं नावही राहील. हा विचार मनात आला याचाच त्यांना राग आला. त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या.

६

पत्र्याच्या शेडखाली चाळीसेक माणसं जमली होती. मालक खुर्च्यांवर, ड्रायव्हर मागे उभे. धुळाजी खांबाशी, खाली मान घालून. सोमेश्वर पुढच्या रांगेत.

“बोला अक्का,” विठ्ठलराव म्हणाले. “कुनी केलं?”

“मी केलं.”

मुक्ताबाईंनी आवाज जराही न उतरवता सगळं सांगितलं. काटा, सील, काठीची चार बोटं आणि एक चाळीस. शब्द कुठं तुटायला पाहिजे होता आणि कुठं जुळला, ते दोन वेळा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी मागचे दोन-तीन ड्रायव्हर स्वतःशीच पुटपुटून बघू लागले, “एक, चाळीस. एकचाळीस. आयला, खरंच की.”

“म्हंजे भरलं तुमच्या सुनंनं,” सोमेश्वर म्हणाला.

“भरलं तिनं, बोलले मी, शिक्का माझा. शिक्का कुनाचा बघून डबा घेतलास तू, सुनंचा का माझा?”

सोमेश्वर बसला. पण विठ्ठलराव अजून विचारात होते. माणूस हट्टी असला तरी मूर्ख नव्हता.

“सगळं पटलं अक्का. येक न्हाई पटलं. त्या तेलाला येवढा वास! मिस्त्रीला वततानी वास कावून आला न्हाई?”

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. धुळाजीनं डोकं वर केलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं ओठ उघडले, आणि मुक्ताबाईंना कळलं की हा आता खरं सांगून टाकणार. वीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार.

“थांब धुळाजी,” त्या म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. “मी इचारते. माझं सील असलेल्या डब्याचं बूच काढून आजवर तुमच्यापैकी कुनी वास घेतलाय? हात वर करा.”

कुणी हात वर केला नाही. मालकांनी नाही, ड्रायव्हरांनी नाही. परमेश्वरनं तर दोन्ही हात खिशात घातले.

“विठ्ठलराव, तुमी?”

“न्हाई बा. तुमच्या सीलावर कोन संशय घेईल?”

“मग त्यानंच कावून घ्यायचा? माझ्या नावावर इस्वास ठेवला, येवढाच त्याचा गुन्हा. त्याला शिक्षा द्यायची तर आदी सगळ्या स्टँडला द्या. टर्बो मी देते. बसवनार धुळाजी, दुसरं कुनी न्हाई. आन् उद्यापास्नं माझ्याकडं तेल मागतानी पुरं नाव घ्यायचं. इंजिनाचं, पंधरा-चाळीस, डबा येक. अर्धं बोलनाराला तेल मिळनार न्हाई. आन् डबा नेतानी बूच काढून माझ्यासमोर वास घ्यायचा. मला राग यायचा न्हाई.”

शेवटचं वाक्य त्यांनी नेहमीच्याच ठसक्यात म्हटलं, पण म्हणताना आत कुठंतरी जोरात दुखलं. पंधरा वर्षांत त्या शिक्क्याकडे बघून कुणी बूच उघडलं नव्हतं. ते सुख आज संपलं.

विठ्ठलराव उठले. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि खिशातली गाडीची किल्ली काढून धुळाजीच्या हातावर ठेवली.

“परवापर्यंत घाट चढली पायजे मिस्त्री.”

“चढंल मालक,” धुळाजी म्हणाला.

“आन् सोमेश्वर,” विठ्ठलराव न वळता म्हणाले, “मेहुन्याला फोन लाव. सांग, सगळं तुजं न्हाई म्हनून.”

लोक हसत हसत पांगले. शेडमध्ये मुक्ताबाई, स्वप्ना आणि खांबाशी किल्ली घट्ट धरून उभा असलेला धुळाजी, एवढेच राहिले. धुळाजी जवळ आला.

“अक्का, तुमी मला झाकलं.”

“मी येक शब्द खोटा बोलले न्हाई,” मुक्ताबाई म्हणाल्या. “पन मिस्त्री, हे रोज झाकायचं न्हाई. पुढच्या येळंला मी नसंन आन् गाडीत मानसं असतील. तेल वततानी, वायरी बघतानी कुनीतरी नाक असलेलं शेजारी लागतंय तुला. जानतं आन् गप बसनारं.”

“आसं कोन भेटतंय?”

मुक्ताबाई सुनेकडे वळल्या. स्वप्नानं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा धुळाजीकडे. मग तिनं ओढणी कमरेला करकचून बांधली.

“टर्बो उघडायला किती नंबरचा पाना लागतो काका?” तिनं विचारलं. “आणि नंबर पुरा सांगा.”